भोयरांच्या घरचं झाकलेलं मशीन

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी घेतली पोरांसाठी आणि राखली पोरांपासून? लगेच नाही म्हणू नका. आधी कपाटावर बघा, पलंगाखाली बघा, बैठकीतल्या त्या कोपऱ्यात बघा, जिथं भरतकाम केलेलं कापड टाकून काहीतरी झाकून ठेवलंय. बघून झालं की मग खुशाल काशिनाथ भोयरांना हसा.

काशिनाथ भोयर मूळचे वर्ध्याकडचे. आयटीआय करून भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागले आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार थाटला. भोंगा वाजला की सायकल काढायची, भोंगा वाजला की परतायचं. उन्हाळ्यात उरलेलं भोपाळ अंधारात पंखे हलवत बसायचं, पण कारखान्याच्या टाउनशिपची लाइट जात नसे. याचा भोयरांना एवढा अभिमान, की जणू वीज तेच बनवत होते. एका अर्थी बनवतही होते म्हणा. वीज बनवणाऱ्या यंत्रांचे शाफ्ट त्यांच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, उतरायचे. माणसाच्या कमरेएवढे जाड, खोलीभर लांब.

नोकरीच्या सुरवातीलाच त्यांच्या हातून एक शाफ्ट गेला होता. कापायचं टूल अंमळ जास्त आत शिरलं. अंमळ म्हणजे बोट फिरवलं तरी कळणार नाही इतकं. पण गेला तो गेला. फोरमननं सगळ्या वर्कशॉपसमोर, क्रेन थांबवून, आवाज चढवला, "भोयर, ये क्या किया?" तो शाफ्ट पुढे कितीतरी वर्षं कारखान्याच्या मागच्या आवारात पडून होता. पावसाळ्यात तांबडा, उन्हाळ्यात तपकिरी. भोयरांची सायकल रोज त्याच्या बाजूनं जायची. मान वळवली नाही तरी तो दिसायचाच.

त्यानंतर भोयरांच्या हातून एकही जॉब, म्हणजे लेथवर चढवलेला तुकडा, बिघडला नाही. मापल्याशिवाय हात नाही, खात्री झाल्याशिवाय कट नाही. "लोखंड कापलं की कापलं. परत चिकटत नाही," हे त्यांचं वाक्य झालं. बायको, रत्नप्रभाबाई, ब्लाउज बेतायला बसल्या की यांचं तेच. शेवटी एकदा त्या कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, हे वॉयल आहे. लोखंड तुम्ही कारखान्यात ठेवून या बरं!"

कारखान्यात ठेवून आले असते तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं.

त्यांची मुलगी सुचेता. एकुलती एक. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलायची कमी. तिनं कम्प्युटर सायन्सच्या डिग्रीला नाव घातलं तेव्हा टाउनशिपमध्ये तो शब्द नवा होता. शेजारच्या बायका विचारायच्या, "म्हणजे टायपिंग का?" भोयर रागवून सांगायचे, "टायपिंग नाही! सायन्स आहे, सायन्स." त्या सायन्समध्ये काय असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण पोरीसाठी मशीन पाहिजे हे त्यांनी ओळखलं आणि त्या वर्षीचा सगळा बोनस घालून कम्प्युटर घरी आणला. त्या माणसाचं मन मोठं होतं, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला कंजूष ठरवाल. कंजूष तो नव्हता. भित्रा होता. दोन्हींत फरक आहे.

कम्प्युटर आला त्या दिवशी क्वार्टरांची सगळी ओळ बघायला लोटली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, पेढे वाटले. लेथवरचे शेजारी युसूफभाई शहरातल्या जहांगीराबादहून मुद्दाम आले. भोयरांनी रत्नप्रभाबाईंकडून निळ्या सॅटिनचं, झालर लावलेलं कव्हर शिवून घेतलं होतं. पेढा संपायच्या आत ते मशीनवर चढलं.

युसूफभाई हसले. "क्यों खां भोयर, दुल्हन को परदे में ही रखोगे?"

"धूल बहुत है, युसूफभाई."

"धूल तो हम पे भी है, मियां. हम पे तो किसी ने झालर नहीं लगाई!"

सगळे हसले. सुचेताही हसली. तिला वाटलं, पाहुणे गेले की कव्हर निघेल.

पाहुणे गेल्यावर भोयरांनी नियम सांगितला. आधी प्रोग्रॅम वहीत लिहायचा. पूर्ण लिहायचा. खाडाखोड नको. मग बाबांना दाखवायचा. मग कव्हर काढायचं.

"पण बाबा, तुम्हाला त्यातलं…"

"मला त्यातलं कळत नाही, पण पक्कं काम कसं दिसतं ते कळतं."

खरंच, ते वही तपासायचे. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. इंग्रजी शब्द आणि कंसांची ती जंगलं त्यांना काय समजणार! ते बघायचे खाडाखोड. कुठं काट मारलेली दिसली की वही परत. "अजून तुझंच पक्कं नाही. मशीनला काय सांगणार तू?" सुचेता परत लिहायची. तिसऱ्यांदा लिहिलेलं पान इतकं सुरेख दिसायचं की फ्रेम करून लावावं. तोवर जेवणाची वेळ व्हायची आणि कव्हर काढायचं राहून जायचं.

विश्वकर्मापूजेला कारखान्यात एक दिवस मशीन बंद ठेवतात, फुलं वाहतात. भोयरांच्या घरी वर्षभर विश्वकर्मापूजा.

तरी एकदा, भोयर सेकंड शिफ्टला आहेत असं धरून, सुचेतानं कव्हर काढलं. वहीत न लिहिता, मनात येईल तसं काहीतरी लिहून बघत होती. आईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शिफ्ट बदललेली होती हे दोघींनाही माहीत नव्हतं. भोयर दारात उभे राहिले तेव्हा पडदा गोठलेला होता. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. कम्प्युटर अडकणं म्हणजे शिंक येण्यासारखं आहे. बंद करून चालू केला की मोकळा. पण भोयरांना पडद्याच्या जागी तांबडा शाफ्ट दिसला.

"काय केलंस?"

इतकंच बोलले. पण ज्या आवाजात बोलले तो त्यांचा नव्हताच. तो क्रेन थांबवणाऱ्या फोरमनचा होता.

"काय करून राहिली होतीस तू? कोणाला विचारून?"

सुचेताचे हात मांडीवर गेले. "मी काही नाही केलं, बाबा."

मशीन पुन्हा सुरू झालं, त्याला काही झालेलं नव्हतं. पण त्यानंतर कव्हर काढताना भोयर पोरीच्या पाठीमागे उभे राहू लागले. बोलायचे नाहीत. नुसते उभे. तुमच्या पाठीमागे कोणी असं उभं राहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, नुसतं उभं राहणं किती मोठ्यानं ओरडतं ते.

कॉलेज रायसेन रोडच्या बाजूला होतं. तिथल्या कम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी, गालिचा, आणि मशीन कमी, पोरं जास्त. एका मशीनपुढे तिघंचौघं दाटीनं बसायचे. कीबोर्ड नेहमी कुठल्यातरी पोराच्या हातात. सुचेता शेजारी बसून वहीतून सांगायची, तो बडवायचा. वर्गात सगळ्यात चांगले प्रोग्रॅम तिचे, आणि चालवायची बोटं दुसऱ्याची. पोरं म्हणायची, "सुचेता, तू बस बोलती जा." तिला ते बरंच वाटायचं. चूक निघाली तर ती टाइप करणाऱ्याची. तिच्या वहीत तर एक काट नव्हती.

पहिली दोन वर्षं लेखी परीक्षेच्या जोरावर उत्तम गेली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिचा नारळ देऊन सत्कार झाला. भोयरांनी त्या दिवशी लग्नातला कोट घातला. घरी आल्यावर नारळ कुठं ठेवला? कम्प्युटरवर. कव्हरावरून.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी फायलींचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाले, एकेकानं बसा, लिहा आणि माझ्यासमोर चालवून दाखवा.

सुचेतानं आधी उत्तरपत्रिकेवर प्रोग्रॅम लिहिला, खाडाखोडीशिवाय. मग एकेक अक्षर शोधत टाइप केला. चालवला. कुठंतरी बंद करायचा एक कंस राहिला होता. एकच. पण तो राहिला की मशीन पुढच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवतं, म्हणून पडद्याखाली चुकांची रांगच्या रांग उभी राहिली. रोज चुकणारं कुठलंही पोर अशा वेळी काय करतं? पहिली चूक बघतं, कंस घालतं, बाकीची रांग आपोआप पुसली जाते. हे कोणी शिकवत नाही. शंभरदा चुकलं की बोटांना कळतं. सुचेताला कोणी शंभरदा चुकू दिलं नव्हतं.

परीक्षक सहज मागं येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. नुसते उभे.

तिचे हात मांडीवर गेले ते वेळ संपेपर्यंत वर आले नाहीत.

ती प्रॅक्टिकलला नापास झाली. बाकी सगळे विषय सुटले, हा एक अडकला. भोयरांनी काय करावं? नियम आणखी घट्ट केला. "तुझं लिहिणं अजून पक्कं नाही. पाठ कर. झोपेत म्हणता आलं पाहिजे." रत्नप्रभाबाई तेव्हा पहिल्यांदा खवळल्या.

"अहो, पोहायला शिकवता की पोहण्याचं पुस्तक पाठ करून घेता? काढा ते कव्हर. मीच शिवलंय, मीच फाडते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला तरी काय कळतं?"

प्रश्न अगदी सरळ होता. भोयरांनी चष्मा लावून वही उघडली.

दुसऱ्या खेपेला सुचेतानं उत्तरपत्रिकेवर इतकं सावकाश, इतकं निर्दोष लिहिलं की टाइप करायला वेळच उरला नाही. तिसऱ्या खेपेला ती घरून वेळेवर निघाली. लॅबबाहेर चपला काढल्या. आतून एसीचा आवाज येत होता. थोडा वेळ अनवाणी उभी राहिली, मग चपला परत पायात घातल्या आणि घरी आली.

"कसा गेला?" भोयरांनी विचारलं.

"गेलेच नाही."

घरात त्यावर कोणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं. भांडायला हवं होतं, ताटं आपटायला हवी होती. आपल्या टाउनशिपच्या घरांत एक वाईट खोड असते: भिंती पातळ, शेजारी साहेबाच्या ओळखीचे, म्हणून सगळं गिळायचं. सुचेता आसपासच्या लहान पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली. साड्यांना फॉल लावू लागली. हसायचीसुद्धा. लोकांना वाटलं, बरं चाललंय.

मग भोयरांच्या शॉपमध्ये नवं लेथ आलं.

हे लेथ वेगळं होतं. हातानं चाकं फिरवायची नाहीत; बाजूला पडदा आणि बटणं, प्रोग्रॅम द्यायचा आणि ते स्वतः कापायचं. जुन्या कारागिरांना शिकवायला बंगलोरहून एक मॅडम आल्या. मॅडम कसल्या, पोरगीच ती. सुचेताच्या वयाची. भोयर, युसूफभाई आणि बाकीचे हात मागं बांधून गोल उभे राहिले. पोरीनं पटापट काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. टूल सर्रकन पुढे आलं, एकदम थांबलं, वर तांबडा दिवा लागला आणि मशीन कर्कश ओरडायला लागलं.

भोयर दोन पावलं मागं उडाले. "ये क्या किया!"

तोंडातून निघून गेलं. शब्द ओळखीचे होते. ज्याचे होते तो फोरमन कधीच रिटायर होऊन गेला होता.

पोरगी दचकली नाही, रागावलीही नाही. हसून म्हणाली, "गलती की, अंकल. जानबूझ के की. अब देखिए, ये खुद बताएगा कहाँ की."

आणि पडद्यावर खरोखरच लिहून आलं, कुठं चुकलं ते. तिनं ती ओळ सुधारली, पुन्हा चालवलं. पुन्हा दुसरीकडे अडकलं. पुन्हा सुधारलं.

"और जॉब बिगड़ गया तो?" भोयरांनी विचारलं.

"जॉब लगाया ही कहाँ है, अंकल? पहले हवा में चलाते हैं. हवा में जितना बिगाड़ना है, बिगाड़ लो. हवा का क्या बिगड़ेगा?"

भोयरांनी तेव्हा कुठं नीट पाहिलं. लेथच्या जबड्यात काहीच नव्हतं. टूल इतका वेळ रिकाम्या हवेत कापत होतं.

युसूफभाईंनी कोपर मारलं. "क्यों खां, ये तो तुम्हारी दुल्हन की बहन निकली!"

भोयर हसले नाहीत. बाजूच्या लाकडी खोक्यावर बसले. युसूफभाईंनी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. कोण काय समजलं कुणास ठाऊक, पण त्या माणसाला त्या क्षणी समजलं होतं की घरातलं मशीन सगळं हवेतलंच होतं. त्याच्या जबड्यात कधीच लोखंड नव्हतं. तिथं जितकं बिघडवलं असतं तितकं कमी होतं. लोखंडाचा कायदा त्यानं हवेला लावला, आणि त्यात जो जॉब खरोखर बिघडला, तो परत चिकटणार नव्हता.

भोंगा वाजला तसे ते घरी आले, हातपाय न धुता बैठकीत शिरले आणि कव्हर ओढून काढलं. झालर खुर्चीच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटली.

"सुचे, इकडे ये. बस इथं."

ती आली. हातात फॉलची सुई. "काय झालं, बाबा?"

"काही नाही झालं. चालव. काहीही लिही. चुकीचं लिही."

"चुकीचं?"

"हो, चुकीचं. मुद्दाम. जितकं चुकायचं तितकं चूक. काही बिघडत नाही त्याचं. आज बघून आलो मी."

ती खुर्चीवर बसली, आणि सवयीनं आधी वही शोधू लागली. भोयरांनी वही उचलून पलंगावर फेकली. तिनं हळूहळू चारदोन ओळी लिहिल्या. चालवल्या. पडद्याखाली चुकांची रांग लागली.

तिचे हात मांडीवर गेले. मान न वळवता ती म्हणाली, "मी काही नाही केलं, बाबा."

"अगं कर ना! कर! तेच तर सांगतोय!"

आवाज चढला. त्यांना चढवायचा नव्हता, पण त्यांच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. त्या कव्हराच्या वर्षांत दुसरा कमावला नव्हता. सुचेता उठली.

"अजून फॉर्म भरता येतो," भोयर म्हणाले. "मी चौकशी करतो. तू एकदा…"

"बाबा, चपला परत घातल्या ना, तेव्हाच संपलं ते." ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते समजावल्यासारखं सांगितलं, मोठ्यांनी लहानांना सांगावं तसं. मग सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी गेली.

पुढचं सरळ आहे. सुचेताचं लग्न इटारसीला झालं. नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे. भोयर रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, भोपाळातच बाग सेवनियाला दोन खोल्यांचं घर झालं. सामान उचलायला आलेलं पोरगं म्हणालं, ये डब्बा भंगार में दे दो, अंकल. भोयरांनी दिला नाही. तो आजही बैठकीत आहे, उघडा. त्यावर धूळ बसते आणि भोयर ती पुसत नाहीत. रत्नप्रभाबाई पुसायला गेल्या तर भोयर म्हणतात, "राहू दे. बसू दे तिला." धुळीबद्दल बोलतात की आणखी कशाबद्दल, ते त्या विचारत नाहीत.

सुचेताचा फोन येतो. आता तिच्या हातातही मोबाइल आहे, सगळ्यांच्या असतो तसा. परवा गॅसचा नंबर लावत होती.

"बाबा, इथं 'पुढे जा' असं आलंय. दाबू का?"

चाळिशी ओलांडलेली बाई. कम्प्युटर सायन्सची तीन वर्षं केलेली. गॅसचा नंबर लावायला सत्तरीपारच्या बापाची परवानगी मागते.

"दाब!" भोयर ओरडले. "दाब म्हणतो ना! काही होत नाही!"

"ओरडू नका हो," रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या. "घाबरेल ती."

मग सुचेता म्हणाली, "राहू दे, बाबा. हे आले की त्यांना सांगते."

भोयरांनी फोन ठेवला आणि त्या उघड्या, धुळीनं भरलेल्या डब्याकडे बघत बसले. बसतात ते असे, पुष्कळदा.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते ऐकून नुसती मान डोलवू नका. सुरवातीला विचारलं होतं ना, घरात काय झाकून ठेवलंय? उठा. ते कापड काढा. पोरीला तिथं बसवा, आणि तिच्या पाठीमागे उभे राहू नका. तिच्या हातून काही बिघडल्याचा आवाज आला तरी आत जाऊ नका. बाहेर बसून राहा, आणि तिनं हाक मारल्याशिवाय तोंड उघडू नका. एवढं करा.